‘चालू आहे’ म्हणजे कितव्या पानावर?

प्रश्न : आमच्या कॉलनीत (नाशिक) वाचनकट्टा चालतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौदा जण जमतो. पद्धत अशी, की प्रत्येकानं सध्या काय वाचतोय आणि पुढे काय वाचणार ते सांगायचं. सुरुवातीला मजा यायची. आता एक काका पंचवीस मिनिटं घेऊन अख्खी कादंबरी सांगतात, शेवटासकट. तिघी-चौघी चार महिने तेच एक नाव सांगताहेत. एक आजी दासबोध वाचतात, पण ‘मी काय सांगू’ म्हणून गप्पच बसतात. मी बँकेतून निवृत्त, वय ५८. माझी ‘वाचायचंय’ची यादी सत्तरवर गेली आहे. २०२१ च्या डिसेंबरात इथे साहित्य संमेलन झालं तेव्हा घेतलेल्या पुस्तकांची पिशवी अजून तशीच आहे, आणि तरी दर वेळी मी ऐटीत तीन नवी नावं सांगते. दिलेली पुस्तकं परत येत नाहीत हे वेगळंच. कट्टा बंद करावा का?

उत्तर : ताई, बंद करू नका. चौदा माणसं महिन्याच्या महिन्याला पुस्तकासाठी घराबाहेर पडतात ही जमेची बाजू मोठी आहे. तक्रारी चार-पाच दिसत असल्या तरी दुखणं एकच आहे. तुमच्याकडे विचारलं जातं पुस्तकाचं नाव. नाव सांगायला पाच सेकंद लागतात. मग एक तर माणूस गप्प बसतो, नाहीतर काकांसारखा गोष्ट सांगत सुटतो, कारण मधलं काय सांगायचं ते कुणी ठरवूनच दिलेलं नाही. ते ठरवून द्या.

चार गोष्टी पुरतात. पहिली, पुस्तकाची ओळख: नाव, लेखक, आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव न चुकता. एकाच परदेशी कादंबरीचे मराठीत दोन-तीन अनुवाद असतात आणि त्यातला एखादा इतका खडबडीत असतो की माणूस मूळ लेखकालाच नावं ठेवून मोकळा होतो. प्रकाशक आणि आवृत्तीही बघून ठेवा. आतल्या ज्या पानावर प्रकाशक, आवृत्ती आणि किंमत छापलेली असते, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की झालं. मुखपृष्ठाचा फोटो दिसायला छान, पण दुकानात विचारायला जाताना हे आतलं पानच कामी येतं.

दुसरी गोष्ट, कुठवर आलात. ‘चालू आहे’ हे उत्तर कट्ट्यावर बाद धरा. पान सांगायचं: ‘३४० पैकी ११२’. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, म्हणून शक्य असेल तिथे प्रकरणही सांगा. ई-पुस्तकात अक्षर लहान-मोठं केलं की स्क्रीनवरची पानं हलतात, तिथे टक्के बरे. स्टोरीटेलसारख्या ॲपवर ऐकणाऱ्यांनी ‘साडेनऊ तासांपैकी चार’ असं सांगावं. ऐकणं म्हणजे वाचणं का, हा वाद कट्ट्यावर सुरू होऊ देऊ नका. त्यात अर्धा तास जातो आणि कुणाचंच मत बदलत नाही.

पानाच्या आकड्यानं दोन गोष्टी साधतात. चार महिने तेच नाव सांगणाऱ्यांचं पान पुढे सरकत असेल तर त्यांचं वाचन व्यवस्थित चालू आहे, त्यांना कुणी काही बोलायचं कारण नाही. जाड पुस्तकाला चार महिने लागतातच. आणि पान तेच राहिलं असेल तर गाडी कुठे रुतली ते कळतं. मग ‘का रुतली’ हा प्रश्न विचारता येतो आणि त्यातून खऱ्या गप्पा निघतात. नावं फार आली म्हणून? बोलीभाषा कळेना म्हणून? अक्षर बारीक म्हणून? या शेवटच्या अडचणीवर इलाज आहे: त्याच पुस्तकाचं ई-पुस्तक मिळत असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं करून वाचता येतं.

तिसरी गोष्ट, पुस्तक वाचायला कसं आहे. कथानक नको. भाषा कशी आहे, प्रकरणं लहान की मोठी, झोपण्याआधी दहा मिनिटं वाचता येतं की सलग बैठक लागते, पहिली किती पानं नेट लावावा लागतो. चौथी गोष्ट, कुणाला आवडेल आणि कुणी वाटेला जाऊ नये. दुसरा अर्धा भाग लोक संकोचानं गाळतात, आणि तोच सगळ्यात उपयोगी असतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं सांगून तुम्ही समोरच्याचे दहा-बारा तास वाचवता.

बोलून दाखवायचं तर साधारण असं:

‘मी हरि नारायण आपट्यांची “पण लक्षांत कोण घेतो” वाचतेय. सोळाव्या प्रकरणावर आहे. यमू नावाची मुलगी स्वतःच आपली गोष्ट सांगते, त्यामुळे समोर बसून ऐकल्यासारखं वाटतं. १८९० नंतर “करमणूक” साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आलेली आहे, म्हणून रोज एक प्रकरण हा हिशोब बरोबर बसतो. भाषा जुनी, वाक्यं लांब. पहिले चार दिवस अडखळायला झालं, मग सवय झाली. जुन्या घरांमधलं बायकांचं आयुष्य कसं होतं ते जाणून घ्यायचं असेल त्यांनी जरूर वाचावी. हलकंफुलकं काही हवं असेल तर सध्या नको, मन जड होतं.’

मोजून बघा, हे जेमतेम पाऊण मिनिटात होतं. सावकाश बोललं, मधे एखादं वाक्य वाचून दाखवलं, तरी तीन मिनिटं खूप झाली. चौदा जणांची ४२ मिनिटं. प्रत्येकामागे दोन मिनिटं प्रश्नांना धरली तर एकूण ७०. दीड तासाच्या बैठकीत वीस मिनिटं उरतात, ती पुस्तकांच्या देवघेवीला आणि चहाला ठेवा. चहा शेवटी. आधी दिला की पहिल्या तिघांचं बोलणं कपबशांच्या आवाजात जातं.

आता काका. त्यांना गप्प करायचा बेत असेल तर तो सोडा. ज्याला गोष्ट सांगता येते असा माणूस कट्ट्याला हवाच असतो. वेळ सगळ्यांनाच लावा, म्हणजे नियम त्यांच्यासाठी केला असं दिसणार नाही. मोबाइलवर तीन मिनिटांचा गजर लावून तो काकांच्याच हातात द्या. ज्याच्याकडे घड्याळ असतं तो स्वतःही सांभाळून बोलतो. रहस्य फोडण्याबद्दल मात्र स्पष्ट बोला: कथानक सांगायचंच झालं तर पहिल्या चौथाईपर्यंतच. तीनशे पानांची कादंबरी असेल तर ७५ व्या पानापुढचं काही नाही, आणि रहस्यकथेत कोण मेलं एवढंच, कुणी मारलं ते नाही. ज्यांनी तेच पुस्तक वाचलंय त्यांनी शेवटाची चर्चा चहाच्या वेळी बाल्कनीत जाऊन करावी. काकांना तिथे श्रोते मिळतील. चरित्र, प्रवासवर्णन, इतिहास यांना हा नियम लागू नाही. शिवाजी महाराजांच्या चरित्रात शेवट फुटण्यासारखं काय आहे!

दासबोधवाल्या आजींना मी पहिलं बोलायला लावीन. त्यांचं वाचन तुमच्या सगळ्यांपेक्षा शिस्तीचं असण्याची शक्यता दाट आहे. दासबोधाचे वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे दोनशे समास. रोज एक म्हटला तर दोनशे दिवस, साधारण साडेसहा महिने. ‘मी नवव्या दशकाच्या तिसऱ्या समासावर आहे’ या एका वाक्यात कुठवर आल्या, किती राहिलं आणि कधी संपेल हे तिन्ही आलं. त्यांना एवढंच विचारा: या महिन्यात कुठल्या समासाशी थांबून दोनदा वाचलंत? पोथी, पारायण, पाककृतीची पुस्तकं, बागकामाची पुस्तकं, सगळं कट्ट्यावर चालतं असं एकदा मोठ्यानं म्हणून टाका. नाहीतर लोक वाचतात एक आणि सांगतात दुसरंच, कारण शेजारच्यानं काहीतरी भारदस्त नाव घेतलेलं असतं. दिवाळी अंकही धरा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाचं हिवाळ्यातलं निम्मं वाचन त्यातच होतं. फक्त ‘अमुक अंक वाचला’ असं सांगू नका. कुठली कथा, कुठला लेख, कुठल्या पानावर ते सांगा. अडीचशे पानांच्या अंकातून दुसऱ्यानं ते शोधत बसू नये.

आता तुमच्या सत्तरच्या यादीकडे येऊ. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा हिशोबच मांडू. डेमी, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या मराठी पुस्तकाच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द असतात. सवयीच्या वाचकाला असं पान वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात. गंभीर मजकूर असेल तर तीन. रोज वीस मिनिटं धरली तर दहा पानं. महिन्याची तीनशे, पण पाहुणे, लग्नं, आजारपण वजा करता अडीचशे धरा. म्हणजे मध्यम आकाराचं एक पुस्तक. सत्तर पुस्तकांना सत्तर महिने, जवळजवळ सहा वर्षं, तेही मधे एकही नवं पुस्तक न घेता. सहा वर्षांनंतरच्या वाचनाचा बेत आज जाहीर करण्यात काय हशील? ती यादी ऐकून समोरच्यालाही काही घेता येत नाही.

म्हणून ‘पुढे वाचणार’ला कट्ट्यावर एक अट घाला: नाव घ्यायचं ते तीनच पुस्तकांचं, आणि ती हाताशी असली पाहिजेत. घरात असावीत, वाचनालयात मिळत असावीत किंवा कट्ट्यातल्या कुणाकडून येणार असावीत. बाकी सगळं वहीत ठेवा.

वहीत मात्र नीट लिहा. नुसत्या नावांची यादी सहा महिन्यांत मुकी होते. हे पुस्तक आपण कशासाठी लिहून ठेवलं होतं तेच आठवत नाही. नावापुढे तारीख, कुणी सुचवलं, आणि का, एवढं पाच-सहा शब्दांत टिपा: ‘कोकणातल्या बोटींची माहिती आहे म्हणून’, ‘आईच्या माहेरच्या गावाबद्दल’. शेवटी एक अक्षर: घ म्हणजे घरात आहे, वा म्हणजे वाचनालयात, वि म्हणजे विकत घ्यायचं. वर्षातून एकदा वही उघडून कारण वाचा. कारण वाचूनही मन हललं नाही तर ते नाव खोडा. सत्तरातली निम्मी नावं पहिल्याच फेरीत जातील आणि त्यातल्या एकाचीही आठवण येणार नाही.

‘वा’च्या पुस्तकांसाठी तुमच्या नाशिकला तक्रारीला जागा नाही. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय तुमच्या गावात आहे. तिथे जाताना दोन-तीन पर्यायी नावं घेऊन जा, कारण गाजलेलं पुस्तक बहुतेक वेळा कुणाकडे तरी गेलेलं असतं. पुस्तक बाहेर असेल तर तुमचं नाव मागणीत लिहून घेतील का ते विचारा. कट्ट्यातले चार-पाच जण सभासद असतील तर एकच पुस्तक सगळ्यांनी एकाच महिन्यात मागू नये. ‘पुढे वाचणार’ आधी सांगण्याचा हा खरा व्यवहारी फायदा आहे, रांग आपोआप लागते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना तर नाशिकचीच. त्यात वाचकांच्या गटाकडे पुस्तकांची पेटी येते आणि वाचून झाल्यावर दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. तुमचा चौदा जणांचा गट तयारच आहे, चौकशी करून बघा.

एका वेळी किती पुस्तकं ‘चालू’ ठेवावीत, याचंही उत्तर देऊन टाकतो. तीन चालतात, पण तिन्हींचा वाण वेगळा हवा. एक सलग वाचायचं, एक कुठूनही उघडता येईल असं (कविता, ललित लेख, पत्रं), आणि एक ऐकायचं किंवा माहितीचं. दोन कादंबऱ्या एकदम धरल्या की पात्रं एकमेकांच्या घरात शिरतात आणि मग दोन्ही पन्नास-साठ पानांवर पडून राहतात.

आणि सोडलेल्या पुस्तकांचं काय? त्यांनाही कट्ट्यावर जागा द्या. अमेरिकेतल्या सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम प्रसिद्ध आहे: पन्नास पानं वाचून बघा, मन लागलं नाही तर पुस्तक खुशाल मिटा. वय पन्नासच्या पुढे गेलं की शंभरातून वय वजा करायचं, तेवढीच पानं द्यायची. तुम्हाला बेचाळीस पुरे! मराठी पुस्तकांना हा नियम लावताना लांबलचक प्रस्तावना त्यात मोजू नका. पुष्कळ पुस्तकं तीस-तीस पानांच्या प्रस्तावनेतच लोकांच्या हातून सुटतात. सरळ पहिल्या प्रकरणाला हात घाला, प्रस्तावना शेवटी वाचा. तेव्हा ती जास्त कळते. ‘मी हे ३८ व्या पानावर सोडलं, कारण...’ हे वाक्य एकदा कुणीतरी कट्ट्यावर उच्चारलं, की न वाचता ‘चालू आहे’ म्हणणारे मोकळे होतील. ते पहिलं वाक्य तुम्हीच बोला.

संमेलनातल्या पिशवीसाठी एक दुपार काढा. सगळी पुस्तकं पलंगावर मांडा आणि प्रत्येकाची पहिली पाच पानं वाचा. जी मिटवत नाहीत, त्यातली तीन उशाशी. ज्यांना कधीतरी संदर्भासाठी उघडाल (कोश, स्थलवर्णन, वैद्यकीय माहिती) ती कपाटात. ती सलग वाचायची नसतातच, त्यांचं ओझं बाळगू नका. उरलेली कट्ट्याच्या टेबलावर. तिथेही कुणी उचलली नाहीत तर वाचनालयाला द्या, पण आधी फोन करून विचारा. वाचनालयांना जागेची अडचण असते, त्यांच्याकडे त्याच पुस्तकाच्या चार प्रती आधीच असतात, आणि न विचारता आणून टाकलेले गठ्ठे शेवटी रद्दीतच जातात.

यापुढच्या प्रदर्शनाला ती वही घेऊनच जा. सवलतीच्या पाटीखाली उभं राहून ‘घेऊन ठेवू’ म्हणायच्या आधी पुस्तक मधेच कुठेतरी उघडून एक पान उभ्यानं वाचा. मलपृष्ठावरचा मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो. मधलं पान खरं बोलतं. बांधणीही बघा: पुस्तक पूर्ण उघडल्यावर पाठ करकरली किंवा पानं सुटू लागली, तर दुसरी प्रत मागा.

देवघेवीला एक सामाईक वही लागेल. रकाने पाच: पुस्तक, कुणाचं, कुणी नेलं, नेल्याची तारीख, परतीची तारीख. मुदत पुढच्या बैठकीची, वाढवायची असेल तर एकदाच. मालकानं आपलं नाव पहिल्या पानावर तर लिहावंच, शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं बारीक सही करावी, कारण पहिलं पान फाटतं किंवा चिकटतं. कोपरे दुमडायचे नाहीत, बॉलपेननं रेघा मारायच्या नाहीत. खुणेला जुनी लग्नपत्रिका उभी कापून पट्ट्या करा, चौदा जणांना पुरतील. सही घेतलेलं किंवा आता छापलं न जाणारं पुस्तक वहीत चढवूच नका. ते तुमच्या घरी बसून वाचायला द्या. आणि हरवलं तर काय, हे आधीच लिहून ठेवा: नवी प्रत आणून द्यायची, मिळत नसेल तर मालक म्हणेल ते दुसरं पुस्तक. परत मागायचं काम मालकाकडे ठेवू नका, शेजाऱ्याला मागताना जीभ अडखळते. वही सांभाळणाऱ्यानं बैठकीच्या दोन दिवस आधी सगळ्यांना एकच निरोप पाठवावा, नावं आणि तारखांसकट.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी अशा गटात ती हमखास निघते. कुणीतरी ‘पुढे वाचणार’मधल्या पुस्तकाची पीडीएफ पाठवतं आणि बाकीचे हात जोडल्याची चित्रं पाठवतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो, आणि साठ वर्षांची मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांच्या हयातीत छापून आलेलं लेखन आता मुक्त आहे, ते खुशाल पाठवा, वाचा. मराठी विकिस्रोतावर अशी जुनी पुस्तकं शोधून बघा, आणि मराठी विश्वकोश तर त्याच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. मात्र मूळ लेखक जुना असला तरी अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो, तेव्हा अनुवादाच्या बाबतीत घाई नको. हयात लेखकाची पीडीएफ आली तर ती पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला गटात न बोलता वैयक्तिक निरोप टाका. त्याच पुस्तकाची एक प्रत कट्ट्यानं वर्गणी काढून घेतली, तर अडीचशे-तीनशे रुपयांच्या पुस्तकाला प्रत्येकी अठरा ते बावीस रुपयेच येतात, आणि वहीत एका पुस्तकाची भर पडते.